आमच्या साडूंची गिरकी

दोन्ही पाय जमिनीला टेकवून सुखाने उभे असलेले आमचे साडू कोणी पाहिले असतील, तर त्याने मला येऊन सांगावं. मी त्याला पोटभर मिसळ खाऊ घालीन. माझ्या मेहुणीचे हे यजमान आता पन्नाशीला आले. पंचवटीत द्राक्षबागेच्या औषधांचं त्यांचं चांगलं चालणारं दुकान आहे, पण दुकान हा जोडधंदा. खरं काम म्हणजे रोज सकाळी एका मंगल कार्यालयाच्या गच्चीवर मुलांना तायक्वांदो शिकवणं. त्यातही सगळा जीव कशावर, तर उडी मारून हवेत भोवऱ्यासारखं फिरायचं आणि खाली येता येता लाथ मारायची, यावर. कोरियन भाषेत त्या लाथेला हातभर लांब नाव आहे. आम्ही घरात तिला गिरकी म्हणतो.

आमच्याकडे आले की पंख्याचं बटण ते पायाने लावतात, तेही पाठमोरे, आणि वर "तीनवर ठेवू का चारवर?" असं विचारतात. दिवाळीत मी आकाशकंदिलासाठी स्टूल शोधत असतो, तेवढ्यात हुक नेमका कुठे आहे ते हे पायाच्या अंगठ्याने दाखवून मोकळे. पण एवढा सगळा पायांचा कारभार असूनही माणूस संस्काराला पक्का. गणपतीच्या तसबिरीकडे तोंड करून लाथ मारायची नाही, आणि कोणाला पाय लागलाच तर त्याला हात लावून नमस्कार करायचा, हा त्यांच्या वर्गाचा नियम. जिथे पाय लावण्याचेच गुण मिळतात तिथे हा नियम परवडणार नाही, हे कोणाच्या लक्षातच आलं नाही. एका स्पर्धेत त्यांच्या मुलांनी फार सुरेख लाथा मारल्या, प्रत्येक लाथेनंतर वाकून नमस्कार केला, आणि वाकलेल्या अवस्थेतच समोरच्यांच्या लाथा खाऊन एकजात सगळी हरून आली. साडू मात्र खूश होते. "हरली ना, हरू द्या. वळण तर दिसलं," म्हणाले.

मी त्यांना चिडवायची संधी सोडत नाही. "रस्त्यात कोणी अंगावर आलं, तर तुमची गिरकी पुरी होईपर्यंत तो घरी जाऊन जेवून येईल," असं मी एकदा म्हणालो. रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी शांतपणे चहाचा घोट घेतला. "साडूभाऊ, खरं सांगू का? भांडणात हिचा काय बी उपयोग नाय. भांडणात पळायचं असतं." तरी एकदा प्रसंग आलाच. एक झिंगलेला गृहस्थ दुकानासमोर काठी उगारून उभा राहिला. साडू बाहेर आले. पण अंग गरम केल्याशिवाय गिरकी घेतली तर मांडीची शीर धरते, म्हणून त्यांनी आधी मान फिरवली, मग कंबर, मग एकेक पाय दुकानाच्या कट्ट्यावर ठेवून ताण दिला. तो गृहस्थ काठी बाजूला ठेवून बघत बसला, आणि साडूंची तयारी होईस्तोवर तिथेच झोपून गेला.

हे सगळं ते हसत सांगायचे. हसणं थांबायचं ते फक्त वडिलांचा विषय निघाला की. तात्या राहतात देवळ्याला, कांद्याच्या शेतात. मुलगा कॉलेजात असल्यापासून त्यांचा एकच प्रश्न, "याना उपेग काय शे?" म्हणजे, याचा उपयोग काय? साडू "दाखवतो ना" म्हणाले, की तात्या उठून कांद्याच्या चाळीकडे चालू लागायचे. इतक्या वर्षांत त्यांनी मुलाची एकही गिरकी पाहिली नव्हती. आणि गेल्या हिवाळ्यात डॉक्टरांनी साडूंचा गुडघा दाबून बघितला आणि उड्या कायमच्या बंद करायला सांगितल्या. त्या दिवशी साडू जेवले नाहीत. "तात्यांनी बघितलीच नाय," एवढंच म्हणाले. मला फार वाईट वाटलं. शेवटी मेहुणीनेच तोडगा काढला. देवळ्याला जायचं, तात्यांना हात धरून बसवायचं, आणि एकच गिरकी. एकच.

आम्ही गेलो. तात्यांना खळ्यात खुर्चीवर बसवलं, आणि ते पळून जाऊ नयेत म्हणून मी खुर्चीमागे उभा राहिलो. साडूंनी गुडघ्याचा पट्टा काढून बायकोच्या हातात दिला, डोळे मिटले आणि वर्गातल्या सवयीने मोठ्याने मोजायला लागले. कोरियन भाषेत एकला 'हाना' म्हणतात.

"हाना..."

तात्यांना ऐकू जरा कमी येतं. त्यांनी दचकून आजूबाजूला पाहिलं आणि हातातली काठी घट्ट धरली. "हाना? कोनले?"

मला हसू आवरेना, पण साडू तोवर उडाले होते. सदरा फुगला, उन्हात एक गोल फिरला, पाय खांद्याच्या वरून सपकन गेला आणि ते दोन्ही हात टेकून खाली आले. खळ्यातल्या कोंबड्या लांब पळाल्या. साडू गुडघा धरून तात्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"उपेग काहीच नही," तात्या म्हणाले. साडूंनी मान खाली घातली. तात्यांनी खुर्ची थोडी पुढे ओढली. "आजून एक डाव दखाड."

साडूंनी मेहुणीकडे पाहिलं. ती आमच्याकडे पाठ करून चाळीतला एक कांदा उचलून न्याहाळत बसली. साडूंनी पुन्हा गिरकी घेतली. ती निम्मीच फिरली, पाय कमरेच्या वर गेला नाही, आणि उतरताना ते चक्क बसलेच.

तात्यांनी मान हलवली. "पह्यली चांगली व्हती," म्हणाले.

त्यानंतर साडूंनी उडी मारलेली नाही, आता मारणारही नाहीत. पण त्या दिवशी गाडीत, एक पाय पुढे लांबवून, नाशिक येईपर्यंत ते मला तात्यांचं तेवढंच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकवत होते, आणि मीही प्रत्येक वेळी, "काय म्हणाले?" असं विचारत होतो.