सासरे लाइनवर आहेत

टेलिफोन ऑपरेटरने आपल्या सासऱ्यांना ऑफिसचा नंबर देऊ नये. हा नियम कुठल्याही ट्रेनिंगमध्ये शिकवत नाहीत. मी तो नेदरलँड्समध्ये, नोकरी जायची वेळ आल्यावर शिकले.

मी मूळचीच ऑपरेटर. हडपसरला पंप बनवणाऱ्या एका कंपनीत बोर्डावर बसायचे. कुणाचं कुणाशी भांडण, कुणाचं लग्न ठरतंय, सगळं मला आधी कळायचं. (ऑपरेटर चोरून ऐकत नाही. लाइन नीट लागली का, हे फक्त जरा जास्त वेळ तपासते!) मग श्रीरंगशी लग्न झालं, त्याला ॲमस्टरडॅममध्ये आयटीतली नोकरी लागली आणि आम्ही शेजारच्या डीमनमध्ये फ्लॅट घेतला. माझ्या कागदावर शिक्का बसला : डिपेंडंट. जिच्या बोटांवर अख्खा कारखाना अवलंबून होता, तिच्या नशिबी हा शब्द! त्या शब्दावर चिडूनच मी डच शिकले, आणि २००६च्या सुमारास लायडनच्या सायन्स पार्कमधल्या एका छोट्याशा कंपनीत टेलिफोनिस्ट म्हणून लागले.

पहिल्याच दिवशी घाम फुटला. गुड मॉर्निंगऐवजी ‘खूदेमॉर्खन’ म्हणताना घशात पोह्याचा दाणा अडकल्यासारखा आवाज काढायचा असतो. तो मी इतका मनापासून काढला, की पलीकडच्या बाईंनी विचारलं, ‘डॉक्टरांना फोन करू का?’ त्यात निम्म्या स्टाफची आडनावं ‘फान डेर’ आणि ‘फान डेन’ने सुरू होणारी. मी सगळ्यांना यादीत स्पेलिंगप्रमाणे ‘व्ही’खाली शोधत बसले. दुपारी कळलं, की यादी लावताना ‘फान’ धरतच नाहीत! तोवर माझ्या होल्डवर माणसांची रांग लागली होती, आणि सगळे तेच एक पियानोचं रडगाणं ऐकत होते.

माझी साहेबीण मार्यान. सहा फूट उंच, चालताना पावलांचा आवाज नाही. तिने पहिल्या दिवशीच सांगितलं, “बोर्डावर घरचे फोन चालणार नाहीत. एकही नाही. तुझा चाचणीचा काळ चालू आहे. या काळात मी कारण न देता तुला काढू शकते.” डच माणूस असं बोलतो तेव्हा तो रागावलेला नसतो. तो फक्त माहिती देत असतो!

नेमके त्याच महिन्यात अण्णा आले. अण्णा म्हणजे माझे सासरे. साखर कारखान्यातून निवृत्त. सासूबाई नणंदेच्या बाळंतपणासाठी बंगळुरात अडकल्या, म्हणून हे एकटेच आले. आम्ही दोघं सकाळी बाहेर पडलो, की अण्णा, चार भिंती आणि डच टीव्ही. मी निघताना सहज म्हणून गेले, “अण्णा, काही लागलं तर ऑफिसचा नंबर फ्रिजवर लावलाय.”

अण्णांना रोज काहीतरी लागायचं.

“मंजिरी, चहा फाटला गं.”

“अण्णा, कुठलं दूध घातलंत?”

“त्यावर मेल्क लिहिलं होतं. मी वाचून घातलं.”

“त्याच्याआधी कार्ने लिहिलं होतं ना? कार्नेमेल्क म्हणजे ताक!”

“मग ताक असं लिहावं!”

दुसऱ्या दिवशी दारावर कुणीतरी आलं. अण्णांनी आपल्या पद्धतीने आदराने ‘या, या’ म्हटलं. आता डचमध्ये ‘या’ म्हणजे ‘हो’. तो माणूस पेपरवाल्यांचा होता. आमच्याकडे वर्षभर डच वर्तमानपत्र येत राहिलं.

“मंजिरी, त्याने सही मागितली, मी दिली. माणूस चांगला होता.”

“अण्णा, मला ऑफिसात फोन करत जाऊ नका हो. श्रीरंगला करा.”

“तो उचलत नाही. तू उचलतेस.”

उचलणं हीच तर माझी नोकरी!

आणि एका सकाळी, वॉशिंग मशीन फ्लॅटभर चालायला लागलंय असं अण्णा सांगत असतानाच, मला पाठीमागे मार्यानच्या अत्तराचा वास आला. बोलणं तोडावं तर अण्णा लगेच पुन्हा फोन करणार. मी डचमध्ये, अत्यंत गोड आवाजात म्हटलं, “एक क्षण हं, जोडून देते,” आणि जे बटण हाताशी आलं ते दाबलं. ते निघालं हेंकचं. हेंक आमचं स्टोअर सांभाळायचा, बाटल्या आणि खोकी मोजायचा. मार्यान माझ्या मागे उभी राहून बराच वेळ डायरी चाळत होती. ती गेल्यावर मी घाईघाईने लाइन परत घ्यायला गेले, तर दिवा लाल! दोघं बोलत होते!

संध्याकाळी मी भीत भीत विचारलं, “अण्णा, सकाळी कुणाशी बोललात?”

“हेंकशी. सज्जन माणूस, माझं इंग्रजीही समजतं त्याला. मशीन सरळ करायला काय करायचं ते त्यानेच सांगितलं. बरं झालं ओळख करून दिलीस, माझा वेळ चांगला गेला.”

अण्णांना वाटलं, सूनबाईंनी सासऱ्यांची करमणूक म्हणून मैत्रीखातर जोडून दिलं! मी खरं सांगायला हवं होतं. पण त्यांचा चेहरा इतक्या दिवसांत पहिल्यांदा खुललेला. मी म्हटलं, “हो ना, हेंक चांगलाच आहे,” आणि पोळ्या लाटायला गेले.

इथे माझं चुकलंच. कारण पुढच्या आठवड्यात पुन्हा अण्णा, पुन्हा अत्तर, पुन्हा “एक क्षण हं”. यावेळी बोट घसरलं ते थेट डायरेक्टरवर. विलेम त्यांचं नाव. डायरेक्टर अनोळखी माणसाशी अर्धं वाक्यही बोलत नाहीत, अशी त्यांची ख्याती. ते बोलत राहिले. माझा चहा गार झाला तरी बोलत राहिले! नंतर स्वतः खाली येऊन त्यांनी सांगितलं, “ते भारतातले मिस्टर कुलकर्णी, त्यांचा पुन्हा फोन आला तर लगेच मला द्यायचा.”

कुलकर्णी तर मीही होते. पण ऑफिसात सगळे मला नुसतं ‘मान्द्यिरी’ म्हणत. आडनावाकडे कुणाचं लक्षच नव्हतं. मी मान डोलावली. तोंड उघडलं असतं तर नोकरी गेली असती.

तिसऱ्या वेळी मार्यानला बोर्डाजवळून केबिनकडे जाताना पाहून मी गडबडीत बटण दाबलं आणि तिच्याच केबिनमध्ये घंटा वाजली. मी डोळे मिटून घेतले. उघडले तर काचेतून मार्यान हसताना दिसली. मार्यान! हसताना! तिला दात आहेत हे मला त्या दिवशी समजलं.

त्या शनिवारी सकाळी अण्णा म्हणाले, “आज पुरण घालतेस ना? डाळ जरा जास्त भिजव.”

मला वाटलं, म्हाताऱ्याची भूक उघडली, हवा मानवली. मी हौसेने पुरण घातलं, कटाची आमटी केली. मग डोक्याला बचकभर तेल चोपडलं, गाऊन अडकवला आणि न्हायला जायच्या तयारीत बसले. श्रीरंग हॉलमध्ये सायकल उलटी करून पंक्चर काढत होता, अर्ध्या चड्डीवर. अण्णा मात्र इस्त्रीचा झब्बा घालून दाराजवळच्या खुर्चीत ताठ बसले होते.

दोनच्या ठोक्याला बेल वाजली.

“कोण असेल?” श्रीरंग म्हणाला.

“मंजिरीच्या ऑफिसातली माणसं,” अण्णा म्हणाले. “मी फोनवरच पत्ता सांगून जेवायला बोलावलंय. तुला बोलली नाही का ती?”

तेवढ्यात अण्णांनी दार उघडून ‘या, या’ म्हटलंसुद्धा. दारात हेंक फुलांचा गुच्छ घेऊन उभा, त्याच्या मागे मार्यान, आणि तिच्याही मागे सूट घातलेले डायरेक्टर, बगलेत लॅपटॉप!

मार्यानने तेल टपकणाऱ्या माझ्याकडे पाहिलं. “आमची टेलिफोनिस्ट इथे काय करते आहे?”

“माय डॉटर-इन-लॉ!” अण्णा अभिमानाने म्हणाले.

सगळ्यांना एकाच वेळी समजलं असावं. डच माणसं शांत राहतात हे मला ठाऊक होतं. पण इतकी शांतता मी बंद पडलेल्या फोनच्या रिसीव्हरमध्येही ऐकली नव्हती.

आता पाहुण्यांना दारातून परत कसं पाठवणार? श्रीरंगने सायकल बाल्कनीत ढकलली, मी डोक्याला पंचा गुंडाळला. डायरेक्टर सोफ्यावर बसताक्षणी लॅपटॉप उघडून सुरू झाले. आमची कंपनी उसाच्या चिपाडापासून इंधन काढायचं रसायन बनवायची, आणि डायरेक्टर वर्षभर भारतातला एखादा साखर कारखाना शोधत होते. अण्णांनी फोनवर फक्त एवढंच सांगितलं होतं : “शुगर! माय होल लाइफ, शुगर!” त्यात खोटं काय होतं?

अण्णांनी सगळे तक्ते मन लावून पाहिले. मध्ये मध्ये “व्हेरी गुड” म्हणाले. डायरेक्टरांचा उत्साह वाढत चालला. शेवटी त्यांनी विचारलं, “मिस्टर कुलकर्णी, कारखान्यात तुमचं पद काय होतं?”

“वजनकाटा!” अण्णा छाती काढून म्हणाले. “एव्हरी बुलककार्ट, एव्हरी ट्रक, आय वेट.”

“म्हणजे खरेदीचे निर्णय तुम्ही घ्यायचात?”

“निर्णय चेअरमन. मी वजन.”

डायरेक्टरांनी लॅपटॉप हळूच मिटला. मी स्वयंपाकघरात पळाले. मार्यान मागोमाग आली.

“मान्द्यिरी, खरं सांग. हा माणूस हेंकला, डायरेक्टरना आणि मला कसा काय लागला?”

“तुम्ही मागे उभ्या होतात,” मी म्हटलं. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण त्यात तेलही होतं. “घरचा फोन चालत नाही म्हणून मी सासऱ्यांना जोडून दिलं. कुठेही. घरी ते अगदी एकटे असतात हो.”

मी पोळ्यांच्या डब्याचं झाकण काढून एका पुरणपोळीवर तूप सोडलं. तिने एक तुकडा मोडून खाल्ला. मग दुसरा. बाहेर जाऊन तिने सगळ्यांना डचमध्ये सांगितलं, की हा एक प्रकारचा गोड पॅनकेक आहे. हेंकने पुरणपोळीवर ओतायला काकवी मागितली, अण्णांनी त्याला जागेवर थांबवून तुपाची वाटी दिली. डायरेक्टर कटाची आमटी सूप समजून दोन वाट्या प्यायले, लाल झाले, शिंकले आणि त्यांनी तिसरी मागितली. जेवण झाल्यावर अण्णांनी त्यांना पत्त्यांचा कोट पिसाचा डाव शिकवला. माझ्या नोकरीचं काय, हा प्रश्न मात्र कुणी काढेना! रविवारभर मी पुण्याला परत जायची बॅग मनातल्या मनात भरत होते.

सोमवारी मार्यानने केबिनमध्ये बोलावलं.

“तू नियम मोडलास,” ती म्हणाली. “हे मी तुझ्या फाइलमध्ये लिहिणार आहे. चाचणीचा काळ मात्र चालू ठेवते. दुसरं, दुपारी जेवणाच्या सुट्टीत एक घरचा फोन चालेल. हे डायरेक्टरनी सांगितलंय.”

मला गहिवरून आलं. डायरेक्टरसारखा मोठा माणूस माझ्या कौटुंबिक अडचणीचा इतका विचार करतो! मी तरंगतच बोर्डावर आले. साडेबाराला दिवा पेटला. घरचाच नंबर.

“अण्णा, बोला! आता परवानगी मिळालीय. निवांत बोला!”

“तू नको गं. विलेमला दे. हुकुमाचा एक्का कधी टाकायचा ते त्याला अजून कळलेलं नाही.”

मी मुकाट बटण दाबलं.

“थँक यू, ऑपरेटर,” अण्णा म्हणाले.

लग्न होऊन इतकी वर्षं झाली, सासऱ्यांनी मला थँक यू म्हटलं ते हे पहिलंच. आणि तेही नाव न घेता!