होऊन-जाते भाऊ

नाही म्हणणं त्या माणसाला येतच नव्हतं, आणि माझा त्याच्यावर राग आहे तो याचसाठी. काहीही विचारा, उत्तर ठरलेलं: "होऊन जाते नं! काहून टेन्शन घेऊन राहिले?" धरमपेठेत त्याचं व्हिसाची कामं करून देण्याचं ऑफिस आहे. आमच्या घरात त्याला होऊन-जाते भाऊ हेच नाव पडलं.

माझ्या बायकोला, शुभांगीला, आयर्लंडमधल्या एका हॉस्पिटलात नर्सची नोकरी मिळाली होती. तिच्याबरोबर मी आणि आमची मुलगी रेवा, असं कायमचं जायचं होतं. मी हिशेबातला माणूस. कागदाला कागद जुळल्याशिवाय मला चैन पडत नाही. तो मात्र फाइल हातात आली की आधी तळहातावर तोलून बघायचा. "भाऊ, जाडी फाइल म्हंजे घाबरलेल्या माणसाची फाइल. साहेबाले शंका येते." मग एकेक कागद काढून बाजूला ठेवायचा. मी ते उचलून परत लावायचो. तो हसायचा आणि तर्री-पोहे मागवायचा. खिलवण्यात हात आखडता नव्हता, हे मान्य करतो. तेवढंच.

अर्ज गेला त्या दिवशी त्यानं आम्हा तिघांना झेंड्यांच्या चित्रापुढे उभं करून फोटो काढला आणि यशस्वी कुटुंबांच्या भिंतीवर चिकटवला.

"अजून व्हिसा कुठे आलाय?" मी म्हटलं.

"ॲडव्हान्समधी लावला, भाऊ."

आता मुद्द्याची गोष्ट. शुभांगी हे तिचं सासरचं नाव. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं मीच ते लिहिलं होतं. तिची डिग्री, पासपोर्ट, लग्नाची नोंद, सगळं माहेरच्या वंदना या नावानं. रेवाच्या जन्मदाखल्यावर मात्र माझ्या वडिलांनी हौसेनं आईचं नाव शुभांगी लिहवून घेतलं. आपल्याकडे घरोघरी हे असंच असतं. दोन्ही नावं एकाच बाईची आहेत, असं प्रतिज्ञापत्र मी वकिलाकडून करून घेतलं आणि फाइलमध्ये सगळ्यांत वर लावलं.

आम्हा दोघांचे व्हिसा आले. रेवाचा नाकारला. अर्जदार बाई या मुलीची आई असल्याचा पुरावा नाही, असं कारण होतं.

"माझं प्रतिज्ञापत्र कुठे गेलं?" मी ऑफिसात उभ्यानंच विचारलं.

"ते मीच काढलं. दोन-दोन नावं पाहून साहेब म्हणन, ही बाई काय लपवून राहिली?" त्याच्या चेहऱ्यावर लाजेचा लवलेश नव्हता. "वहिनी, तुम्ही पुढं निघा. पोरीचं मागून होऊन जाते."

शुभांगी आवाज चढवणारी नाही. ती म्हणाली, "ही पोर माझी नाही असं लिहून आलंय, आणि मी विमानात बसू?"

हॉस्पिटल नव्या अर्जापर्यंत थांबायला तयार नव्हतं. ती जागा दुसऱ्या कुणाला गेली. आम्ही नागपुरातच राहिलो.

फोटो काढून टाका, असं मी त्याला बजावून आलो. "होऊन जाते," म्हणाला. त्यावरूनच मला समजायला हवं होतं.

परवा भाजीबाजारात एक तरुण मुलगी आमच्याकडे बघत थांबली. "तुम्ही भिंतीवरचे आयर्लंडवाले नं? सुट्टीत आले का?" तीही नर्स होती; नवऱ्यासोबत आणि बाळासोबत जायची तिची फाइल त्याच ऑफिसात होती. माझं डोकं सणकलं. मी काही बोलणार, तेवढ्यात शुभांगीनं हातातली मेथीची जुडी परत ठेवली.

"लग्नात नाव बदललं का वं तुझं?"

"हो, काकू. काहून?"

"बाळाच्या दाखल्यावर कोणतं आहे?"

"सासरचं," ती म्हणाली. "पण भाऊ तर म्हणे, होऊन जाते."

शुभांगीनं तिचं मनगट धरलं. "चल. आत्ताच जाऊ. तुझी फाइल आपण परत मागून घेऊ, आणि माझा फोटोही."