बेकनखालची परात

आम्ही गाव सोडलं त्या सकाळी आईच्या मांडीवर परात होती. ट्रंक एस्टीच्या टपावर गेली, गाद्यांची वळकटी गेली, पाटा-वरवंटासुद्धा गेला. परात मात्र तिने कुणाच्या हाती दिली नाही. पितळेची, उंच काठाची, तिच्या आईने लग्नात दिलेली. आत फडक्यात बांधलेल्या काजूच्या बिया होत्या. काकू, तुम्ही आमच्या शेजारच्या; खिडकीखाली उभ्या राहून म्हणालात, "तिकडं काय परात मिळायची नाय?" आई म्हणाली, "मिळंल. पन ती माझ्या आईनं दिलेली नसंल." गाडी सुटली तरी तुमचा हात खिडकीच्या गजावर होता. थोडं अंतर तुम्ही गाडीबरोबर चाललात आणि मग हात सोडलात. मी तेव्हा चौथीत होते. मला एस्टीत खिडकी मिळाल्याचाच आनंद झाला होता, हे आता लिहिताना जरा लाज वाटते.

आम्ही का निघालो ते गावात सगळ्यांना माहीत होतं. बाबा बोटीवर आचारी होते. बोट मुंबईला लागली की त्यांना मिळणारी सुट्टी एस्टीच्या प्रवासात आणि एजंटच्या ऑफिसात संपायची. गुहागरच्या वरच्या आमच्या गावात ते पोचायचे, पाठ टेकायचे आणि परत निघायचे. म्हणून त्यांनी वाशीला फ्लॅट घेतला. तेव्हा त्याला सगळे न्यू बॉम्बे म्हणत. बॉम्बे पुलापलीकडे होतं आणि न्यू बरंचसं अजून यायचं होतं. रस्ते एवढे रुंद की ओलांडताना आई माझा हात धरायची, आणि गाडी मात्र एकही नसायची. आज त्याच रस्त्यावर मी सिग्नलला उभी राहते आणि मनात म्हणते, आई, आता धर हात.

घर नवं होतं, नळ होता, बाथरूमला फरशी होती. आईला फक्त एक गोष्ट खटकली: अंगण नव्हतं. मग तिने गच्चीलाच अंगण म्हणायला सुरुवात केली, आणि पहिल्याच मे महिन्यात तिथे काजूच्या बिया भाजायला बसली.

गावच्या लोकांना हे सांगायला नको, पण माझ्या मुलांनी काजू फक्त पाकिटातला पाहिलाय, त्यांच्यासाठी लिहिते. काजूच्या सालात तेल असतं. ते निखाऱ्यावर पडलं की असा भडका उडतो की भुवया जातात. बरेच जण तो भडका उडू देतात आणि वर राख टाकून विझवतात. आमच्या घरी तसं चालत नसे, कारण आम्हाला ते तेल हवं असायचं. दारांच्या चौकटींना वाळवी लागू नये म्हणून लावायला. त्यामुळे आई निखारे दोन बाजूंना ओढायची, मधे एक जुनी थाळी ठेवायची आणि वर भोकांच्या डब्यात बिया. तेल थाळीत गळायचं, बिया नुसत्या धगीवर भाजायच्या. "आग एका अंगास, बी एका अंगास," एवढं एकच तिचं शास्त्र. मला ते तेव्हा कंटाळवाणं वाटायचं. भडका बघायला जास्त मजा यायची.

वाशीला आल्यावर बाबा आमच्या जवळ आले असं म्हणायचं, पण खरं म्हणजे आम्ही बंदराजवळ आलो. ते तसेच जायचे. त्यांची सुटकेस कपाटावर असायची आणि ती खाली उतरली की आईचं बोलणं कमी व्हायचं. रडणं वगैरे तिच्या स्वभावात नव्हतं. ती जास्त भाकऱ्या करायची. बाबा घरी असले की मी त्यांच्याशी जरा पाहुण्यासारखी वागायची; काय बोलायचं ते सुचायला लागेपर्यंत सुट्टी संपायची.

मी दहावीत होते तेव्हा न्हावा शेव्याला बंदराचं काम जोरात चालू झालं होतं. एका कंपनीचे परदेशी इंजिनीयर बेलापूरच्या गेस्ट हाउसमध्ये राहायला आले आणि त्यांना कायमचा कुक हवा होता. बोटीवर साहेबी जेवण केलेला माणूस म्हणून कुणीतरी बाबांचं नाव सांगितलं. अट एकच. रविवारी ते लोक लॉनवर कोळशाच्या शेगडीवर बेकन भाजून खात. आधीच्या कुकने दोनदा कोळसा करून वाढलं होतं आणि एकदा खुर्चीची गादी पेटवली होती. येत्या रविवारी बाबांनी करून दाखवायचं. जमलं तर नोकरी जमिनीवरची. नाही जमलं तर एजंटने पुढच्या बोटीवर नाव लावलेलंच होतं, आणि ती बोट वर्षभर परतणार नव्हती.

बेकन म्हणजे डुकराचं चरबीदार मांस, खारवलेलं, धूर दिलेलं, पट्ट्यांत कापलेलं. आमच्या घरात मासे रोज, कोंबडी सणाला; डुक्कर मात्र उंबऱ्याच्या आत कधी आलं नव्हतं. आईने तर तो शब्दही उच्चारला नाही. "तुमचं ते" म्हणायची. "तुमचं ते गच्चीवर. घरात नको." बाबा मान डोलवायचे. बोटीवर खलाशांवर ओरडणारा हा माणूस घरात कुणाला घाबरायचा, ते मला त्या आठवड्यात कळलं.

बाबांनी जवळच्याच पावणे गावातल्या एका वर्कशॉपमधून पिंप उभं कापून, पाय लावून, वर लोखंडी जाळी बसवून आणलं. मुंबईच्या कोल्ड स्टोरेजमधून बेकन आणलं. शनिवारी दुपारी गच्चीवर प्रॅक्टिस. बोटीवर ते सपाट तव्यावर बेकन करत. तिथे चरबी कडेच्या पन्हळीतून वाहून जाई. इथे त्यांनी पिंप काठोकाठ निखाऱ्यांनी भरलं, कारण बोटीच्या भटारखान्यात तवा लालबुंद लागतो ही सवय. पट्ट्या जाळीवर ठेवल्या, चरबी वितळली, खाली ठिबकली आणि माझ्या छातीएवढा जाळ उठला. बाबांनी पट्ट्या उचलल्या, जाळ बसला. परत ठेवल्या, परत उठला. वरून कोळसा, आतून कच्चं. तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी देसाईकाका धूर बघून धावत वर आले आणि भल्या मनाने त्यांनी टाकीतलं बादलीभर पाणी त्यावर ओतलं. मग जे झालं ते विचारू नका. चरबी तडतडली, राख उडाली, देसाईकाकांची पांढरी बंडी ठिपक्यांची झाली.

"काका, चरबीच्या आगीवर पाणी घालतात का!" बाबा ओरडले.

"मग काय गुलाबपाणी घालू? बिल्डिंग पेटली असती ना! आता मीटिंगमध्ये टेन्शन कोणाला?" काका म्हणाले आणि बंडी झटकत खाली गेले.

बाबा टाकीच्या कट्ट्यावर बसले. त्यांच्या एका भुवईचे केस जळले होते. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "जाऊ दे. एक वर्ष काय, असं जातं." ते त्यांनी इतक्या सहज म्हटलं की मला रडूच कोसळलं. इतकी वर्षं ते गेले तेव्हा मी एकदाही रडले नव्हते.

आई दारात कधी येऊन उभी राहिली कोण जाणे. पदर नाकाला. तिने मांसाकडे बघितलं नाही, निखाऱ्यांकडे बघितलं.

"बी भाजताना असा इस्तव कोन घालतो?" ती म्हणाली.

"ही बी नाहीये गं," बाबा म्हणाले.

"तेल सुटतं ना? मग बीच ती."

एवढं बोलून ती खाली गेली. मला वाटलं रागावली. ती परत आली तेव्हा तिच्या हातात परात होती. पितळेची, उंच काठाची, जी तिने कंडक्टरला दिली नव्हती.

बाबा उभेच राहिले. "अगं, ती नको. दुसरं काहीतरी घेतो. पत्र्याचा ट्रे घेतो."

"पत्रा वाकतो. दुकानं बंद हायत. उद्या रविवार." मग म्हणाली, "आनि ही बरोब्बर बसंल, मी बघितलंय."

म्हणजे खाली जायच्या आधीच तिने मापही डोळ्यांनी घेतलं होतं. तिने पदर खोचला, ओली राख उपसायला लावली, नवे कोळसे पेटवले. घाई करू दिली नाही. "निखाऱ्यावर राखेची साय येऊ दे, मग हात लावा." साय आल्यावर तिने उलथन्याने निखारे दोन्ही कडांना ओढले आणि मधल्या मोकळ्या जागेत आपल्या हाताने परात ठेवली. जाळीवर परातीच्या बरोबर वर बाबांनी पट्ट्या मांडल्या. एकमेकींवर नाही, सुट्या. चरबी वितळली आणि टप टप पितळेवर पडायला लागली. आम्ही तिघंही वाकून बघत होतो. जाळ उठला नाही. पट्ट्या हळूहळू आक्रसल्या, कडा कुरकुरीत झाल्या, रंग काजूच्या भाजक्या गरासारखा आला. तरी एकदा वाऱ्याने एक पट्टी सरकून कडेला गेली आणि भडका उडाला. आईने पातेल्याचं झाकण बाबांच्या हातात दिलं. "घाला वर. गुदमरू दे त्याला." तो गुदमरला.

बाबांनी एक तुकडा मोडून खाल्ला, मला दिला. मी खाल्ला. आईपुढे अर्थातच कुणी धरला नाही. ती म्हणाली, "झालं का तुमचं ते?" आणि हात धुवायला गेली. किती तरी वेळ नळाचा आवाज येत होता.

रविवारी बाबा टेम्पोत पिंप आणि परात घालून बेलापूरला गेले. आईने त्या दिवशी सुटकेस कपाटावरून खाली काढली नाही आणि तिच्याकडे बघितलंही नाही. दुपार कलल्यावर बाबा आले. दारातच म्हणाले, "खाडीवरून वारा सुटला होता."

"झाकन होतं ना?" आईने विचारलं.

"होतं. साहेबाला कळलंसुद्धा नाही." मग म्हणाले, "एक तारखेपासून ये म्हणालाय."

आई आत गेली आणि तिने चहा ठेवला. साखर दोनदा घातली. तो चहा आम्ही तिघांनी गोड गोड म्हणत संपवला.

पुढे गेस्ट हाउसने पिंपात बसणारा चांगला ट्रे बनवून घेतला, पण परात परत घरात यायची गोष्ट निघाली नाही. ती तिथेच राहिली, बाबांच्या किचनमध्ये. आई स्टीलच्या परातीत पीठ मळायला लागली. पहिले काही दिवस पीठ मळताना तिचे हात मधेच थांबायचे, काठ शोधल्यासारखे. मी ते बघायची. एवढं द्यायला माणसाकडे आधी किती असावं लागतं, हे मला आता स्वतःचं घर चालवताना समजतं. बाबा रोज संध्याकाळी घरी यायचे. अंगाला धुराचा वास यायचा आणि आईने त्या वासावर कधी उदबत्ती लावली नाही. सुटकेसमध्ये तिने गोधड्या भरल्या.

त्या वर्षी गणपतीला आम्ही गावी आलो. बाबा पहिल्यांदा पूर्ण गणपती राहिले, आरतीला त्यांना शब्द आठवत नव्हते. मोदकांची उकड मळायच्या वेळी काकू, तुम्ही आईला विचारलंत, "अगं, तुझी परात कुठाय? का हरवलीस त्या मुंबईत?"

मी आईकडे बघितलं. आता ही काय सांगणार, तिच्या आईने दिलेली परात कशाखाली ठेवली ते? बाबा ओटीवर पोरांना घेऊन मखर बांधत होते. त्यांचा आवाज आत येत होता.

आई उकड मळत राहिली. मान वर न करता म्हणाली, "हरवली नाय, काकू. ह्यांना घरी ठेवायला लागली."

तुम्ही त्यावर काही विचारलं नाहीत. तुम्हाला समजलं की नाही, ते मला आजही माहीत नाही, म्हणून हे सगळं लिहिलं. आता आई नाही, बाबा नाहीत, आणि मला लोक विचारतात, तुमचं घर कुठलं, गुहागरचं की वाशीचं. मी वाशी म्हणते. पण मनात येतो तो ओटीवरून आत येणारा बाबांचा आवाज आणि उकडीत बुडालेले आईचे हात.