शेजारच्या सीटवरची केळी

वालीवच्या त्या मेकॅनिककडे नवी गाडी नेली की आधी बोलणी खावी लागतात. ते वाकून आतला स्क्रीन बघतात, हात पँटला पुसतात आणि विचारतात, "गाडी घेतली का टीव्ही घेतला?" कुठल्या कंपनीची गाडी भरवशाची, असं मी एकदा त्यांना विचारलं होतं. "जिचा मालक मला ओळखत नाय, तिची," ते म्हणाले.

माझी गाडी दर रविवारी बाजारातून परतताना सीटबेल्टसाठी कोकलायची, मी बेल्ट लावलेला असला तरी. सर्व्हिस सेंटरने सेन्सर बदलून दिला, पण कोकलणं थांबलं नाही. शेवटी एका रविवारी बाजारातून तशीच कोकलती गाडी वालीवला नेली. कंपनीचा यथेच्छ उद्धार करून म्हटलं, "हा अलार्म कायमचा काढूनच टाका."

त्यांनी पान्याला हातही लावला नाही. शेजारच्या सीटवर केळ्यांचा भला मोठा घड होता. त्याच्याकडे ते जरा वेळ बघत राहिले. मग शाळेला निघालेल्या मुलाला बसवावं तसं त्याला सरळ केलं आणि बेल्ट लावला. आवाज थांबला.

"कोनतरी बसलंय असं वाटतं तिला," ते म्हणाले आणि दुसऱ्या गाडीकडे वळले.

मी ओशाळून घाईघाईने निघालो. दहा पावलांवर गाडी पुन्हा कोकलली. वैतागून काच खाली केली. दुसऱ्या बॉनेटमधून डोकं न काढताच ते म्हणाले,

"केळ्यांनी लावलाय, सर. आता तुमी लावा."