काचेच्या कपाटातली इस्त्री

तुम्ही दोघांनी तिकडून पाठवलेला वीज कंपनीचा अहवाल मी टेबलाशी बसून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला. आजी नुसते फोटो बघून फोन बाजूला ठेवते अशी तुमची समजूत असेल तर ती दुरुस्त करून घ्या. मजकूर फार नाहीच. पानोपानी हिरवी पानं, पवनचक्क्या आणि हसणारी माणसं. शेवटून तिसऱ्या पानावर एका बाईचा फोटो आहे आणि खाली लिहिलंय की हवेत जाणारा कार्बन कमी करण्याची वचनं कंपनीनं स्वेच्छेने दिली होती आणि ती पाळली. ती बाई हा पुरावा.

"आजी, ही आपल्या समोरची इस्त्रीवाली ना? किती मस्त!" असं तुम्ही लिहिलंत. हो, तीच. अंगावरची हिरवी साडी माझी आहे. फोटोत काहीतरी हिरवं असावं असा साहेबांचा निरोप आला होता, म्हणून मी कपाटातून काढून दिली. त्यामुळे या प्रकरणात माझाही हात आहे, आणि तो किती, हे तुम्हाला सांगणं मला भाग आहे.

अंबडच्या आपल्या घरासमोर बदामाचं झाड आहे. त्याच्याखाली तिचं टेबल गेली वीस-पंचवीस वर्षं आहे. टेबलावर चादरीच्या चार घड्या आणि त्यावर सासूकडून आलेली पितळेची इस्त्री. तिच्या झाकणाच्या खिटीवर एक छोटा पितळी कोंबडा आहे. तुम्ही लहानपणी त्याला बोटानं टकटक करायचा आणि भाजून घ्यायचा. आत बाभळीचा कोळसा. सकाळी इस्त्री पेटली की गल्लीतल्या बायका धुपाटणं घेऊन तिच्याकडे जात. घरोघरी गॅस आला, पण उदासाठी विस्तव लागतोच, आणि गॅसच्या शेगडीत निखारे नसतात. ती कुणालाही नाही म्हणत नसे. झाकण उघडून चिमट्यानं एक निखारा काढून देई.

मला मात्र त्या कोळशाचा त्रास होता. राख उडून माझ्या ओट्यावर यायची. सकाळी पुसलेली फरशी नऊ वाजता करडी. मी तिला पुष्कळदा बोलले होते. ती हसायची आणि टेबल हातभर पलीकडे सरकवायची. दुसऱ्या दिवशी टेबल परत जागेवर.

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला वीज कंपनीच्या अंबडच्या कचेरीतले साहेब एक जाड कागद घेऊन माझ्याकडे आले. कागद इंग्रजीत होता. मी इंग्रजी शिकवायची हे त्यांना माहीत होतं. मी तो तिला मराठीत समजावून सांगावा अशी त्यांची इच्छा होती.

"मॅडम, आम्हाला कुणी सांगितलेलं नाही," साहेब चहा घेताना म्हणाले. "कायद्याचं बंधन नाही. आम्ही स्वखुशीनं करतोय."

"काय करताय?"

"कोळसा कमी."

मला वाटलं, ज्या वीजकेंद्रात आगगाडी भरभरून कोळसा जळतो, तिथला म्हणताहेत. तसं नव्हतं. तिथलं वचन पुढच्या कुठल्यातरी वर्षासाठी होतं, तोवर हे साहेब आणि त्यांचे साहेब सगळे पेन्शनीत गेले असते. जालन्याच्या एमआयडीसीतल्या लोखंडाच्या भट्ट्यांबद्दलही कागदात अक्षर नव्हतं. या वर्षी कमी करायचा कोळसा बदामाच्या झाडाखाली होता. तिला विजेची नवी इस्त्री मिळणार, जुनी ती कंपनीच्या स्वाधीन करणार, आणि तेवढा कार्बन कंपनीच्या नावे कमी झाला असं मांडलं जाणार. मूठभर बाभळीचा कोळसा आणि आगगाडीचा कोळसा एकाच रकान्यात.

मी आयुष्यभर मुलांचे पेपर तपासले. कुणी स्वतःच प्रश्न काढले, स्वतःच उत्तरं लिहिली आणि स्वतःच गुण दिले, असं माझ्या वर्गात कधी घडलं नाही. घडलं असतं तर सगळेच पहिले आले असते. न पाळल्याबद्दल कुणी कान धरणार नाही, असं वचन द्यायला काय जातं?

हे सगळं मला त्याच वेळी कळत होतं. तरी मी तिला बोलावलं.

तिनं कागदाकडे पाहिलंही नाही. साहेबांना विचारलं, "अन् लाइट गेली तं?"

"आता कुठं जाते लाइट, मावशी?"

"सकाळीच गेल्ती की."

"ते ट्रिपिंग होतं."

"तुमी काहीबी म्हणा साहेब. कपडे तं तसेच राह्यले न्हाई का?" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बाई, तुमी सांगा. करू का अंगठा?"

ती सही करते, चांगली वळणदार. अंगठा हा तिचा विनोद. पण प्रश्न विनोदाचा नव्हता. कागदाच्या तळाशी एक ओळ होती : दिलेली वस्तू परत मागता येणार नाही. मी ती वाचली होती. तिला वाचूनही दाखवली. आणि म्हणाले, "कर सही. धुरानं तुझेच डोळे जातात." डोळ्यांचं बोलले, पण मनात फरशी होती.

फोटो निघाला. पितळेची इस्त्री जीपमधून गेली. माझा ओटा आठवडाभर स्वच्छ राहिला.

मग लाइट जायला लागली, म्हणजे नेहमीसारखी जात राहिली. आधी तिचा त्या गोष्टीशी संबंध नव्हता, आता आला. दुपारभर ती विजेच्या नव्या पांढऱ्या इस्त्रीवर हात ठेवून बसे, जणू ताप बघतेय. कपड्यांचे गठ्ठे तसेच पडून राहत. शाळेचे मास्तर, कोर्टातले वकील, ज्यांचे कपडे तिच्याकडे वर्षानुवर्षं यायचे, ते एकेक करून बसस्टँडकडच्या लाँड्रीत जाऊ लागले. तिथे इन्व्हर्टर होता. धुपाटणी घेऊन आलेल्या बायका रिकाम्या परत जात. महिन्याभरात टेबलावर कपड्यांपेक्षा बदामाची पानं जास्त दिसायला लागली.

"बाई, मला माझी इस्त्री आणून द्या," एका सकाळी ती ओट्याशी येऊन म्हणाली. रडली वगैरे नाही. "तुमीच सही कर म्हणल्ता."

आम्ही दोघी कचेरीत गेलो. भर दुपारी पडदे ओढून दिवे लावलेले, साहेबांच्या खोलीत एसी. दारातच काचेचं कपाट, त्यात आतून उजेड सोडलेला, आणि त्या उजेडात तिची इस्त्री. खाली पाटी : "निवृत्त. कोळशावरील इस्त्री, नग एक."

ती काचेला नाक लावून बघत राहिली. "घासली मेल्यांनी. कोंबड्याचा तुरा झिजवला पार."

साहेबांनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं, आणि सांगितलं की परत देता येत नाही. "मॅडम, आकडा वर गेलाय."

"वर म्हणजे कुठे?"

"वर. मुंबईला. आता इस्त्री परत दिली तर तेवढा कार्बन वाढेल."

"आणि हा पडद्याआडचा दिवा?"

"तो एलईडी आहे," साहेब अभिमानानं म्हणाले.

मी आजवर अनेक मठ्ठ मुलं पाहिली, पण ती मठ्ठ आहेत हे त्यांना माहीत असायचं. साहेबांना ते सुख नव्हतं. ते मनापासून बोलत होते. त्यांना खरंच वाटत होतं की एका विधवेची इस्त्री कपाटात ठेवल्यामुळे आभाळ थोडं निवळलं आहे. येताना ती रस्त्यात एवढंच म्हणाली, "माह्या इस्त्रीनं एवढं आभाळ तापत व्हतं, अन् मला सांगितलं न्हाई कुणी."

मी तिला चार घरची पोळ्यांची कामं बघून देते म्हणाले. ती म्हणाली, मला पोळ्या येत न्हाईत, इस्त्री येते.

पावसाळ्याच्या आधी कंपनीचा समारंभ ठरला. जालन्याहून वरचे साहेब येऊन सगळ्यांकडून नव्या वर्षाची वचनं वदवून घेणार होते. त्यासाठी छातीवर हिरवं पान छापलेले पांढरे शर्ट पार्सलनं आले, ते खोक्यात दाबून भरलेले, एकेक शर्ट चुरगळलेल्या कागदासारखा. आणि समारंभाच्याच दिवशी सकाळपासून कंपनीनंच गावाची वीज बंद ठेवलेली, तारांखालच्या फांद्या तोडायला. हे दोन्ही हुकूम त्याच कचेरीतून निघाले होते. दोन वेगवेगळी टेबलं असणार. लाँड्रीचा इन्व्हर्टरही दहाच्या सुमारास बसला.

साडेदहाला साहेब मोटारसायकलवर गठ्ठा बांधून आमच्या गल्लीत. "मावशी, जल्दी करा. बारा वाजता कार्यक्रम आहे, वरचे साहेब येऊन राह्यले." घाईत त्यांची कचेरीतली भाषा गळून पडली.

ती टेबलाशी बसून शेंगा फोडत होती. "कशानं करू साहेब? तुमच्या इस्त्रीला लाइट न्हाई. माह्या इस्त्रीला काच हाय."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, गावात आणखी कुणाकडे कोळशाची असेल ना?"

"असेल तर ठाऊक नाही," मी म्हणाले. "तुमच्याकडे एक आहे. आम्ही बघितली आहे."

ते गेले आणि वीस मिनिटांत आले. पुढे टाकीवर इस्त्री, तीही पाटीसकट. कोळशाचं पोतं तिनं टाकलं नव्हतं. पण विस्तव नव्हता. तो मी करून दिला. माझ्या गॅसवर जाळी ठेवून कोळसे लाल केले, चिमट्यानं घमेल्यात घेऊन रस्ता ओलांडला. राख माझ्या स्वयंपाकघरात सगळीकडे उडाली. साहेब वारा घालत होते, हातात होता तो कागद घेऊन, ज्यावर त्या दिवशी वाचायची वचनं छापलेली होती. कागद जाड असल्यामुळे वारा चांगला लागत होता.

तिनं ओल्या फडक्यावर इस्त्री फिरवली, चर्र झालं, आणि तिनं गेल्या दोन महिन्यांत पहिल्यांदा पदर कमरेला खोचला. शर्ट वेळेत झाले.

समारंभ संपल्यावर शिपाई इस्त्री न्यायला आला. "तापलेली हाय," ती म्हणाली. "थंड झाली की या." तो दिवेलागणीला आला. झाकण उघडं होतं आणि बायका धुपाटणी घेऊन रांगेत उभ्या होत्या. तो परत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी आला तेव्हा इस्त्री पुन्हा पेटलेली. तिसऱ्या दिवशी तिनंच पांढरी इस्त्री वायर गुंडाळून त्याच्या हातात दिली. "ही न्या. रिकामं कपाट बरं न्हाई दिसत. अन् तुमची पाटीबी न्या, इथं काय कामाची?"

त्यानंतर एकदा मीटरच्या तक्रारीसाठी मी कचेरीत गेले होते. कपाटात विजेची पांढरी इस्त्री आहे. खाली पाटी तीच : "निवृत्त. कोळशावरील इस्त्री, नग एक." आतला दिवा चालू. येणारेजाणारे बघतात आणि पुढे जातात.

तुमचा अहवाल मी तिला फोनवर दाखवला. तिनं हात पुसून तो जवळ धरला. "साडी तुमचीच शोभली, बाई," म्हणाली. कंपनीचा कार्बन तुझ्यामुळे कमी झाला असं लिहिलंय, मी सांगितलं. "होऊ द्या. ते तिथं कमी करून राह्यलेत, मी इथं कपडे करून राह्यले." आणि वकिलाचा कोट पुढे ओढला. वकील परत आले आहेत, मास्तर अजून नाहीत.

मी ओटा आता दोनदा पुसते, सकाळी आणि दहाला. तिला काही बोलत नाही.

त्या फोटोखाली तुम्ही दोघांनी टाळ्यांची खूण टाकलेली मला दिसली. काढता येत असेल तर काढून टाका.