तिसऱ्या प्रतीची निब

दादांच्या पेनाची निब मोडली ती माझ्याच हातून. फळ्यावर गणित लिहिता लिहिता टेबलावरचं पेन कोपराला लागून खाली पडलं, तेही नेमकं तोंडावर. वर्गासमोर रडता येईना म्हणून मी पुढचं गणित घातलं.

दादा म्हणजे माझे वडील; ते गेल्यावर हे पेन माझ्याकडे आलं. केजच्या तहसीलीसमोर लिंबाखाली बसून ते लोकांचे अर्ज लिहून देत. तीन कागद, मध्ये दोन कार्बन, आणि काळ्या जाड पेनानं दाबून लिहिणं. वरची प्रत साहेबाला, दुसरी दप्तराला, तिसरी अर्जदाराला. "तिसरीवर उमटलं पाह्यजे. आपल्या मानसाच्या हातात तीच ऱ्हाती," असं ते म्हणत.

माय शाळेत गेलेली नव्हती. तरी दादांनी घरी आणलेला अर्ज ती उलटा करी आणि पाठीमागून बोट फिरवून बघे. अक्षरं बोटाला लागली की म्हणे, "चांगलं लिवलंय." मी तेव्हा तिला फार हसायचे. आता त्याची लाज वाटते.

निबेसाठी मी बीडला एका म्हाताऱ्या पेनवाल्या चाचांकडे गेले. बिस्किटाच्या डब्यातून त्यांनी दोन जुन्या निबा काढल्या. एक कडक, एक मऊ. कडक निबेची रेघ तारेसारखी, सगळीकडे एकसारखी. मऊ निब मात्र जरा दाबली की फाके, उभी रेघ जाड आणि आडवी बारीक येई. माझं अक्षर म्हणजे पोरांच्या चेष्टेचा विषय. ते त्या निबेनं एकदम खानदानी दिसायला लागलं.

"दाबून लिवता का तुमी?" चाचांनी विचारलं.

"नाही."

"मग मऊच घ्या. कडक आता कोन घेतंय? कार्बनवाले गेले."

मी मऊ बसवून घेतली आणि बसमध्ये केजपर्यंत स्वतःवरच खूश होते.

मायला आता फारसं दिसत नाही. मी कोऱ्या कागदावर दादांचं पूर्ण नाव लिहिलं आणि तिच्या हातात दिलं. "दादांचं पेन नीट झालं. त्यांचं नाव लिहिलंय बघ." तिनं कागद उलटा केला, बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं.

"शाई भरली न्हाईस का?"

"भरलीय. लिहिलंय की."

"मग लागंना कावून?"

मी चिडून निबेचं कौतुक सांगायला लागले. तिनं ते ऐकून घेतलं आणि कागद मला परत दिला. मला स्वतःचा भयंकर राग आला. पेन दादांचं, बोट मायचं, आणि मी निवडत बसले होते माझं अक्षर.

पुढच्या रविवारी पुन्हा बीड. चाचांनी मऊ निब काढून कडक बसवून दिली.

घरी आल्यावर कागदाखाली जाड वही घेतली आणि दादांचं नाव मनगट दुखेपर्यंत दाबून लिहिलं. अक्षर माझं नेहमीचं, पोरं हसतात तसलं. मायनं कागद उलटा केला. तिचं बोट सुरुवातीपासून सावकाश शेवटपर्यंत गेलं, परत मागं आलं, आणि मध्येच बराच वेळ थांबलं.

मी कागद घ्यायला हात पुढं केला. तिनं दिला नाही.

"ही माझी प्रत," ती म्हणाली, आणि कागदाची घडी करून उशीखाली ठेवली.