बाकावरचे लोखंडी दांडे

अमेरिकेतल्या त्या अवाढव्य शहरात दिवसभर हिंडून पाय बोलायला लागले, म्हणून आम्ही नवराबायको एका बाकावर टेकलो. मी डब्यातल्या तिखटमिठाच्या पुऱ्या काढल्या. बाकावर मधे मधे लोखंडी दांडे होते. "बघ, हात टेकायचीसुद्धा सोय केलीय!" हे कौतुकाने म्हणाले.

समोरच्या तसल्याच बाकावर एक म्हातारा आडवा व्हायला बघत होता. दांडा बरगडीत रुतला. त्याने कूस बदलली, पाय पोटाशी घेतले, तरी जमेना. शेवटी तो खाली फरशीवरच निजला.

दांडे कशासाठी आहेत ते तेव्हा कळलं आणि माझं डोकंच फिरलं. कुणीतरी शिकलेल्या माणसाने टेबलाशी बसून, दमलेली पाठ कुठे अडवायची ते मोजून हे काढलं असणार! आभाळाला भिडणाऱ्या इमारती बांधता आणि एका म्हाताऱ्याची झोप तुम्हाला खुपते? "मेल्यांना लाज कशी वाटत नाही!" मी मोठ्यानेच म्हणाले.

यांनी हातातली पुरी डब्यात परत ठेवली. मग हळूच म्हणाले, "आपल्या गेटबाहेरच्या कट्ट्यावर टोकदार दगड बसवलेत, ते भाजीवाली दुपारची तिथे पडायची म्हणूनच ना?"

सोसायटीच्या मीटिंगमध्ये ते मीच सुचवलं होतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.